दोघांपुरती कणीक

मार्गिलान या रेशमाच्या गावात तुर्सुनअलीला दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक त्याच्या गाठी, दुसरा त्याचा लगमान, म्हणजे हाताने ओढलेल्या लांब शेवया आणि वर मटणाचा रस्सा. तिसरी गोष्ट म्हणजे त्याचा राग, पण ती त्याच्या तोंडावर कोणी बोलून दाखवत नाही.

गाठींचं काम त्याने बेचाळीस वर्षं केलं. रेशमाचा ताणा अंगणभर पसरायचा, त्यावर कोळशाने नक्षी आखायची, आणि जिथे रंग शिरू द्यायचा नाही तिथे सुताने करकचून बांधायचं. बांधलेलं गाठोडं जायचं रंगाऱ्याकडे, तिथून मागावर. बांधणारा तुर्सुन, रंगवणारा हायितबोय आणि विणणारा इनोमजोन. एकाच कारखान्यात तिघं एकाच वर्षी लागले, एकाच वर्षी तिघांची लग्नं झाली, आणि लग्नाच्या वर्षीच आणखी सहा जण जमवून त्यांनी बैठक सुरू केली.

बैठक म्हणजे काही सभा नव्हे. नऊ मित्र, महिन्याचा पहिला रविवार, दुपारचं जेवण. दर महिन्याला एकाच्या घरी, पाळीपाळीने. खायचं, चहा प्यायचा, एकमेकांची यथेच्छ टर उडवायची आणि उन्हं कलली की घरी जायचं. नियम थोडेच, पण पक्के. न येणाऱ्याचं कारण ऐकून घेतलं जाईल, मानलं जाईलच असं नाही. यजमानाने कुणाला बोलावणं करायचं नाही, ते बैठकीच्या मुख्याचं काम. आणि सगळ्यात मोठा नियम: थट्टेवर रागवायचं नाही. रागावला तो हरला, आणि पुढची बैठकही त्याच्याच घरी, दंड म्हणून.

इनोमजोन मुख्य होता, कारण त्याला कशाचाच राग येत नसे. असा माणूस दुसऱ्यांचा न्याय करायला बरा.

आता या नियमांत तुर्सुनसारखा माणूस तेहतीस वर्षं कसा टिकला, हे त्याचं त्यालाच ठाऊक. तरुणपणी त्याने तीन वेळा दंड भरला होता. चौथ्या वेळी मात्र त्याला दंड लावायची कोणाची छाती झाली नाही, आणि तिथेच सगळं बिनसलं.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. द्राक्षं उतरायचे दिवस. बैठक तुर्सुनकडे होती. आमच्याकडे बैठकीला पुलाव, आणि पुलाव करायचा पुरुषांनी. पण त्या दिवशी सकाळपासून गार वारा सुटला होता आणि कुणीतरी म्हणालं, अंझिरात-वहिनींच्या हातचा लगमान खाऊ या की. अंझिरात म्हणजे तुर्सुनची बायको. तिने हौसेने कणीक मळली, शेवया ओढल्या, मटणाचा रस्सा केला. ताटं पुढ्यात आली. हायितने पहिली शेवई उचलली, उजेडात धरली, निरखून पाहिली.

"तुर्सुन, तुझं बरंय बाबा," तो म्हणाला. "तू गाठी बांधतोस, वहिनी दोरखंड वळतात. घरच्या घरी धंदा! उरला तर एक तुकडा दे हो, माझ्या गाढवाला दावं नाहीये."

सगळे खो खो हसले. इनोमजोनसुद्धा. तुर्सुन मात्र उठला. बाहेर गेला आणि फाटकासमोरच्या पाटाकाठी तुतीच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. तो तिथे उभा असताना आतून पुन्हा हशा उसळला. पहिल्यापेक्षा मोठा, लोक मांड्या थोपटत होते. अंझिरात आत होती, दुसरं पातेलं घेऊन नुकतीच गेली होती. माझ्या बायकोला समोर उभी करून हसतायत, तुर्सुनला वाटलं. तो हशा त्याच्या कानात जाऊन बसला तो बसलाच.

पाहुणे गेल्यावर त्याने अंझिरातला विचारलं, "तुला काय म्हणाला तो?"

"काही नाही हो. मी बघून घेतलं त्याला."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. ताटं आणा इकडे."

माझ्या समाधानासाठी बोलतेय, तुर्सुनने ठरवलं. त्याचं एकदा ठरलं की ठरलं. इनोमजोन दुसऱ्या दिवशी सांगायला आला, "अरे, ऐक तरी, तू गेल्यावर आत काय झालं ते." तुर्सुन म्हणाला, "इनोम, या घरात तो विषय नको. काढलास तर तूही येऊ नकोस." इनोमजोनने वर्षभराने आणखी एकदा प्रयत्न केला. तेव्हा तुर्सुनने चहाचा पेला उपडा घातला. त्यानंतर इनोमजोनने नाद सोडला.

त्या दिवसानंतर अंझिरातने लगमान केला नाही. तिच्या दंडांत ताकद राहिली नव्हती, मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी ते नोव्हेंबरमध्ये सांगितलं आणि फेब्रुवारीत ती गेली. पण तुर्सुनने हिशेब वेगळाच मांडला. लगमान सुटला तो त्या गाढवाच्या दाव्यामुळे. हायितच्या जिभेमुळे माझ्या बायकोने हात आखडता घेतला, असं त्याच्या मनाने घेतलं.

बरं, बैठक सोडावी, तर तेही नाही. बैठक सोडणं म्हणजे हरणं. मग या पठ्ठ्याने काय करावं? बायकोचा चाळिसावा दिवस झाल्यावर तो बाजारातल्या लगमानवाल्या वस्तादाकडे गेला आणि म्हणाला, मला शेवया ओढायला शिकव. वस्ताद हसला. घरात कणकेला हात लावणं हे आमच्याकडे बायकांचं काम, आणि हा बावन्न वर्षांचा बाप्या गुडघ्यावर हात ठेवून शिकायला बसलेला. मोहल्ल्यात कुजबुज झाली. तुर्सुनने ती ऐकून न ऐकल्यासारखी केली. सहा आठवडे तो रोज पहाटे वस्तादाच्या फळीसमोर उभा राहिला.

रेशमात हयात गेलेली बोटं ती. सहा आठवड्यांत त्याच्या शेवया वस्तादाच्या शेवयांहून बारीक निघायला लागल्या. कणीक मीठ-पाण्यात मळायची, झाकून ठेवायची, पुन्हा मळायची. बोटाएवढ्या वळ्या करून तेल लावून परातीत वेटोळं घालायचं आणि तासभर तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मग ओढायची. ओढत ओढत दोन्ही हातांवर लडी घ्यायची, फळीवर आपटायची, हात फाकवायचे, पुन्हा आपटायची. तुर्सुन लडी घ्यायचा तेव्हा कारखान्यातले लोक म्हणायचे, हा माणूस अजून कामावरच आहे.

त्याची पुढची पाळी आली तेव्हा त्याने बैठकीला लगमान वाढला. शेवया अशा की ताटात लांबच लांब एकच धागा पडल्यासारखं वाटावं. हे कुणाला उत्तर आहे ते सगळ्यांना कळलं. हायितने ताट रिकामं केलं, नानच्या तुकड्याने पुसूनही घेतलं. पुढच्या पाळीला पुन्हा लगमान. त्याच्या पुढच्या पाळीला पुन्हा. एकोणीस वर्षं तुर्सुनने आपल्या पाळीला दुसरं काही केलं नाही, आणि एकोणीस वर्षं हायितने ताटात काही टाकलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा.

बोलणं बंद होतं ते बंदच. कारखान्यात बांधलेली गाठोडी तुर्सुन उंबऱ्यावर ठेवायचा, हायित उचलायचा. बैठकीत सगळं बोलणं इनोमजोनच्या मार्फत.

"इनोम, यांना विचार, मिरचीचा ठेचा हवाय का?"

"हायित, ठेचा हवाय का विचारतोय."

"सांग, वाटी हाताशीच आहे."

"म्हणतोय, हाताशीच आहे."

"ऐकलं मी. बहिरा नाहीये."

इनोमजोन दोघांच्या मधे बसायचा, चहा ओतायचा आणि म्हणायचा, "माझा पगार वाढवा रे."

हळूहळू बैठक आटत गेली. एक मुलाकडे ताश्कंदला गेला, बाकीचे त्याहून लांबच्या गावाला. शेवटची सहा वर्षं तिघंच उरले होते. आणि या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, इनोमजोन झोपेतच गेला.

जनाजा उचलला तेव्हा पुढच्या दोन दांड्या तुर्सुन आणि हायितच्या खांद्यांवर होत्या. कबरस्तानापर्यंत दोघं बरोबरीने चालले आणि एकमेकांकडे बघितलं नाही. परतताना बर्फावर तुर्सुनचा पाय घसरला. उजव्या खांद्यावर पडला तो, कळ मस्तकात गेली. दोघा-तिघांनी उठवलं. उठवणाऱ्या हातांमधल्या एका हाताची नखं कडेने अजून निळी होती. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी रंगाऱ्याच्या नखांतली नीळ जात नाही. तुर्सुनने ती नखं पाहिली, कोटावरचा बर्फ झटकला आणि पुढे चालू लागला.

फेब्रुवारीत बैठक झाली नाही. घरात चाळिसाव्याचं सुतक असतं तसं बैठकीलाही असतं. मग आला मार्च, आणि मार्चची पाळी तुर्सुनची.

इथे खरी पंचाईत झाली. बोलावणं करायचं मुख्याने, आणि मुख्य कबरीत. यजमानाने बोलवायचं नाही हा नियम. तुर्सुनला नियम मोडायचा नव्हता, किंवा असं म्हणू या, नियम हाताशी होता म्हणून तो धरून बसला होता. हायित आपणहून आला तर बैठक राहील. नाही आला तर संपली. तुर्सुन एकाहत्तर वर्षांचा होता. तो सोळा वर्षांचा असताना कसा दिसायचा, हे माहीत असलेला आता एकच माणूस जगात उरला होता. अंझिरात चुलीपाशी कशी उभी राहायची, घाई असली की खालचा ओठ दातांत कसा धरायची, हे लग्नाच्या वर्षापासून पाहिलेलाही तोच एक. मुलगा फार नंतरचा, ती गेली तेव्हा तो सैन्यात होता, सून तर तिला भेटलीच नव्हती. हे तुर्सुन कोणाला बोलला नाही, पण शनिवारची झोप त्याची त्यातच गेली.

रविवारी सकाळी त्याने मैद्याचं पोतं ओढलं. सून शोइरा दारात उभी.

"बाबा, किती जणांचं?"

"दोघांचं."

"निरोप दिलात त्यांना?"

"बैठकीला निरोप लागत नाही."

"मग त्यांना कळणार कसं?"

"बावन्न वर्षं झाली. अजून कळलं नसेल तर आता सांगून काय उपयोग?"

शोइरा हसू दाबत म्हणाली, "आणि नाही आले तर?"

"तर तू खा दोन ताटं. हाडं मोजून घ्यावीत इतकी वाळलीयेस."

कणीक मळण्यापर्यंत ठीक चाललं. डाव्या हाताने जोर काढला. वळ्या केल्या, तेल लावलं, परातीत वेटोळं घातलं, वर फडकं. तोवर रश्श्याकडे बघितलं. कढईत शेपटीची चरबी टाकली, मटण बारीक चिरून परतलं, मग कांदा, मग उन्हाळ्यात बरणीत भरलेले टोमॅटो, पांढरा मुळा, बटाटा, कोबी, वाळवलेली ढोबळी मिरची, लसूण, एक चक्रीफूल. पाणी घालून झाकण ठेवलं. अंगणभर वास सुटला. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, "तुर्सुन-अका, बैठक आहे वाटतं?"

"बघू!" तुर्सुन ओरडला.

"बघू काय, वास येतोय की!"

मग शेवया ओढायची वेळ आली, आणि खांद्याने दगा दिला. पहिली वळी बोटांमधून बारीक झाली, लडी हातांवर आली, पण हात फाकवायला गेला तशी कळ आली आणि उजवा हात छातीपाशीच थांबला. एक बाजू ताणली गेली, दुसरी नाही, आणि लडी मधोमध तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली. तिसऱ्या वेळी त्याने दात आवळून हात फेकला तेव्हा तोंडातून असा आवाज निघाला की शोइरा धावत आली.

"बाबा, द्या इकडे. मी ओढते."

"तू हो बाजूला."

"अहो, मला येतं. माझ्या आईने शिकवलंय."

"मी म्हणालो ना! माझी पाळी आहे. माझ्याच हातच्या शेवया जातील ताटात."

"मग तुटलेल्या जातील," शोइरा म्हणाली आणि निघून गेली. सासऱ्याला असं बोलणारी सून मोहल्ल्यात दुसरी नाही. तिचं चुकलं असं मात्र कोणी म्हणू नये.

तुटलेल्या तुकड्यांचा गोळा करून त्याने पुन्हा झाकून ठेवला. घड्याळात साडेअकरा. फळीसमोर उभा राहून त्याने विचार केला. बारीक ओढायला हात पुरे फाकावे लागतात. हात अर्धेच फाकत होते. अर्ध्या हाताने ज्या शेवया निघतील त्या निघतील. निघतील त्या जाडच असणार, हे त्याला कळत होतं. एकोणीस वर्षं ज्या माणसाच्या नाकासमोर त्याने रेशमासारख्या शेवया नाचवल्या, त्या माणसापुढे आज दोरखंड वाढायचा. न आला तर बरं, एक मन म्हणायचं. दुसरं मन फाटकाकडे कान लावून बसलेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्याने ओढल्या. कोपरं अंगाला लावून, आखूड आखूड हिसके देत, फळीवर हलकेच आपटत. उकळत्या पाण्यात सोडल्या, फुगून वर आल्या तशा गार पाण्यात काढल्या, तेलाचा हात लावला. चाळणीत त्या पडल्या होत्या, करंगळीएवढ्या. तुर्सुनने त्यांच्यावर फडकं टाकलं.

फाटक वाजलं तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटं होती.

हायित आत आला. काळा कोट, हातात फडक्यात बांधलेली दोन नानं आणि कोवळ्या लसणाच्या पातीची जुडी. सलाम झाला; सलाम करायला बोलणं चालू असावं लागत नाही. खोलीत जाऊन तो आपल्या जागी बसला, भिंतीला टेकून. तुर्सुन आपल्या जागी बसला. मधे इनोमजोनची गादी तशीच रिकामी. दोघांनी ओंजळी धरून इनोमजोनसाठी दुवा केली, तोंडावरून हात फिरवले.

शोइरा चहा घेऊन आली. तुर्सुनने घसा साफ केला.

"शोइरा, यांना विचार, घरी सगळं ठीक ना?"

शोइराने सासऱ्याकडे पाहिलं, मग पाहुण्याकडे.

"सूनबाई," हायित म्हणाला, "सांग, ठीक आहे. आणि विचार, खांदा कसा आहे."

शोइराने किटली दोघांच्या मधे, रिकाम्या गादीसमोर ठेवली. "मला कपडे वाळत घालायचेत," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही विचारा." आणि गेली.

हायितने गालातल्या गालात काहीतरी केलं, हसला की काय कळलं नाही. दोघांनी चहा प्यायला. चहा ओतणारा नव्हता, म्हणून दोघांचेही हात एकदम किटलीकडे गेले आणि एकदम मागे आले. शेवटी ज्याने त्याने आपला ओतून घेतला.

तुर्सुनने ताटं आणली. शेवया, वर रस्सा, वर हायितनेच आणलेली लसणाची पात चिरून. ताट हायितपुढे ठेवताना त्याने नजर खाली ठेवली. स्वतः जेवायला सुरुवात न करता तो बसून राहिला.

हायितने एक शेवई उचलली. खिडकीच्या उजेडात धरली. त्या दिवशी धरली होती तशीच.

"जाड आहे," तो म्हणाला.

मधे कोणी नव्हतं. शब्द सरळ आला. तुर्सुनच्या कानशिलातली शीर ताठ झाली. उठून बाहेर जावं, पाटाकाठी उभं राहावं, असं त्याच्या पायांना वाटलंसुद्धा. पण उठायला खांद्याचा आधार लागतो, आणि तेवढ्या वेळात हायितने शेवई तोंडात घातली, दुसरी घातली, ताटावर वाकून खायला लागला. शेतावरून आलेला माणूस खातो तसा खात होता. एकोणीस वर्षं तो इथे जेवला होता, पण नेमस्तपणे, ताट संपवायचं म्हणून. आज त्याच्या हनुवटीवरून रस्सा ओघळला.

अर्धं ताट झाल्यावर तो थांबला.

"हाच," तो म्हणाला. "हाच तो. वहिनींचा."

तुर्सुनने आपल्या ताटातला एक घास घेतला. जाड शेवई, दातांखाली किंचित चिवट, आणि जाड असल्यामुळे आत रस्सा न शिरलेली, म्हणून रस्सा वेगळा लागतो आणि कणीक वेगळी. त्याने घास तोंडात धरून ठेवला. अंझिरातच्या शेवया अशाच असायच्या. नेहमीच. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून. तिचे हात आखूड होते, आणि ती घाईत असायची. हे त्याला माहीत होतं, आणि तरी एकोणीस वर्षांत त्याने एकदाही तिच्यासारखा लगमान केला नव्हता.

"जाडच करायची ती," तो म्हणाला.

"करायच्याच! म्हणून तर मागितला होता आम्ही." हायितने मिशी पुसली. "तुझा तो बारीक लगमान... अरे, खाल्ला मी. काय करणार. पण खरं सांगू? ते खाणं नव्हतं, ती शिक्षा होती. भोगली."

"मग थट्टा कशाला केलीस?"

"थट्टा आवडत्या गोष्टीचीच करतात, मूर्खा. नावडतं असेल ते माणूस मुकाट खातो." मग जरा थांबून म्हणाला, "आणि मला माझं उत्तर तेव्हाच मिळालं होतं की. वहिनींनीच दिलं. इनोमने सांगितलं नाही तुला?"

"काय सांगितलं नाही?"

हायितने ताट थोडं बाजूला सारलं. "तू बाहेर गेलास ना? आम्ही सगळे गप्प. बाकी कोणी ताटाला हात लावेना. मला भूक होती, मी खात होतो. वहिनी दुसरं पातेलं घेऊन आल्या. मी ताट पुढे केलं. तिसऱ्यांदा. त्यांनी पळी हवेतच धरली आणि म्हणाल्या, 'हायित-अका, गाढवाला दावं हवं म्हणालात ना? मग नेताय कशाला घरी? गाढव इथेच आहे, इथेच बांधते की.'"

तुर्सुन पुढे सरकून बसला.

"बस्स! लोक लोळायला लागले. इनोमच्या डोळ्यांतून पाणी. मला तोंड दाखवायला जागा नाही. मी हरलो, सगळ्यांसमोर, एका बाईकडून. दंड खरं तर रागावणाऱ्याला, पण तो मीच भरावा असं सगळे म्हणाले. मी कबूलही केला. आणि तू बाहेर."

"तो हशा..." तुर्सुन म्हणाला.

"माझ्यावर होता."

खिडकीबाहेर शोइरा कपडे झटकत होती. तुतीला अजून पालवी फुटली नव्हती, आणि पाटाकाठची ती जागा खिडकीतून दिसत होती. मी बघून घेतलं त्याला, ती म्हणाली होती. खरोखरच बघून घेतलं होतं तिने. ताटं आणा इकडे, म्हणाली होती, आणि तेव्हा ती खालचा ओठ दातांत धरून हसू दाबत होती. तुर्सुनला ते आत्ता आठवलं. त्या दिवशी त्याला वाटलं होतं, रडू दाबतेय.

"परत सांग," तो म्हणाला.

"काय?"

"काय म्हणाली ते."

हायितने परत सांगितलं. पळी हवेत कशी धरली तेही करून दाखवलं. तुर्सुन हसला. आधी नुसता श्वास, मग खांदा दुखेपर्यंत. हसता हसता त्याने दुखरा खांदा डाव्या हाताने दाबून धरला आणि त्याच हाताच्या बाहीने डोळे पुसले. हायितने तिकडे न बघता किटली उचलली आणि दोघांचे पेले भरले.

"एकोणीस वर्षं," तुर्सुन म्हणाला. "का नाही सांगितलंस?"

"कोणामार्फत सांगू? इनोमला तू तोंड उघडू देत नव्हतास. आणि मी सरळ सांगायला आलो असतो तर तू फाटक लावलं असतंस."

"लावलं असतं," तुर्सुनने मान्य केलं.

हायितने ताट पुढे केलं. "वाढ."

तुर्सुनने वाढलं. मग त्याने आणखी एकदा ताट पुढे केलं, आणि तुर्सुनने चाळणी त्याच्या ताटात उपडी केली. कणीक दोघांपुरतीच होती. दोघांनी ती संपवली.

उन्हं कलली तशी हायित उठला, कोट चढवला. दाराशी बूट घालताना म्हणाला, "पुढच्या महिन्यात माझी पाळी. पुलाव करीन. आता निरोप द्यायला कोण आहे, म्हणून आत्ताच सांगतो."

"नाही. पुढची पण माझ्याकडेच."

"का?"

"रागावला त्याने पुढची बैठक घालायची. नियम आहे."

हायितने एक बूट घातला, दुसरा हातात धरून थांबला. "आता आठवला होय रे नियम?"

"आठवला."

"मग जाडच कर," हायित म्हणाला, आणि वाकून दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला लागला.